उतरता न येणाऱ्या माणसाची गोष्ट

"पहिल्या रांगेत कोण बसलंय, बघितलंस का?" जंगम गुरुजींनी विचारलं.

मी वाचनालयाच्या खिडकीतून बाहेर मांडवात बघितलं आणि हातातला निम्मा चहा बशीत सांडला. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, बाळकूआण्णा नलवडे बसले होते. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर सहा-एक वर्षांची नात. उजव्या हाताला मुलगा संपत, त्याच्या पलीकडे सून. लग्नाला आल्यासारखं सगळं घर आलं होतं.

"यांना कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"वाचनालय गावाचं, त्याला पन्नास वर्षं झालेली, कार्यक्रम गावाचा. बोलवायला कशाला पाहिजे? बाळकू दुपारी दोनपासून बसलाय. आमच्या खुर्च्या यायच्या आधी घरनं स्वतःची खुर्ची घेऊन आला." गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "भेटेल त्याला सांगतोय, आज इष्णू माझी गोष्ट सांगणार म्हणून."

"गुरुजी, पण त्यांनी ती ऐकलीय का?"

"ते मी कसं सांगू? पानपट्टीत तुझी कॅसेट वाजते. पण बाळकू कुठला पानपट्टीवर जातोय!" मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "अनशी गेली, तुला कळलं असेलच."

बाळकूआण्णांची बायको गेल्याचं मला कळलं नव्हतं. सोळा वर्षांत मी गावात पाऊलच टाकलं नव्हतं, कळणार कुठून?

"दोन वर्षं झाली. तेव्हापासून फारसा कुठं बाहेर पडत नाही तो. आज पहिल्यांदा फेटा बांधलाय."

गुरुजी सूत्रसंचालकाला शोधायला बाहेर गेले आणि मी बशीतला चहा तसाच हातात धरून उभा राहिलो. ती गोष्ट काय होती, ते आता सांगायला हवं. त्याशिवाय एका म्हाताऱ्या माणसाच्या गुलाबी फेट्याला मी एवढा का भ्यालो, ते कळायचं नाही.

मी जिल्हा परिषदेत कारकून होतो आणि शनिवार-रविवारी कथाकथन करायचो. तेव्हा कथाकथनाचे दिवस होते. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, साखर कारखान्याचा वर्धापनदिन, कुठंही एक माइक आणि एक तांब्या मिळाला की आम्ही उभे. माझ्याकडे वीस-पंचवीस गोष्टी होत्या, पण लोकांना हवी असायची ती एकच. सायकलची. तिची कॅसेट निघाली, ती एसटी स्टँडावर खपली, आणि विष्णू कणसे या नावाला चार माणसं ओळखू लागली.

गोष्ट अशी. बाळकूआण्णांनी एका निवृत्त पोस्टमनची जुनी सायकल घेतली. आठ दिवसांत चालवायला शिकले. उतरायला मात्र शिकलेच नाहीत. चढताना पारावर पाय टेकवून चढायचे, पण उतरायला दुसरा पार आणायचा कुठला? ब्रेक दाबला की सायकल थांबायची आणि आण्णा पुढं जायचे. मळ्यातून परत आले की ते घराभोवती फेऱ्या मारायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यांची बायको, अनशीकाकी, हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि कॅरियर धरायची. मग आण्णा उतरायचे. आमचं घर समोरच. हे मी लहानपणी रोज बघितलेलं.

एका वर्षी काकी माहेरी गेली आणि महिना झाला तरी आली नाही. तेव्हा आण्णा सायकलवर बसून नऊ मैल सासुरवाडीला गेले. तिथं ना पार, ना कॅरियर धरणारं कोणी. मग सासऱ्याच्या घराला फेऱ्या सुरू झाल्या. जावई दारात येतोय आणि न थांबता निघून जातोय, म्हणजे रुसलाय, असं सासऱ्याला वाटलं. त्यानं मेहुण्याला पाय धुवायची घागर देऊन मागं पळवलं. आण्णा "धरा, धरा" म्हणून ओरडतायत, तर सासूनं जावयाच्या जेवणासाठी पोरांना कोंबडीमागं सोडलं. पुढं आण्णा, मागं घागर, त्यामागं कोंबडी. शेवटी गोठ्यातून अनशीकाकी आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "अवं, हिकडं बगा! चाकाकडं बगू नगा. माज्याकडं बगून या!"

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, सरळ तिच्या दिशेनं गेले आणि दोघं सायकलसकट उकिरड्यात पडले. धोतर चेनमध्ये, आण्णा शेणात.

निदान माझ्या गोष्टीत तरी पडले. प्रत्यक्षात काकीनं हँडल धरलं होतं आणि आण्णा नीट उतरले होते. पण नीट उतरलेल्या माणसाला कोण हसतं?

कथाकथनाच्या काही युक्त्या असतात, त्या मला चांगल्या येत होत्या. बाकी सगळं वाढवून सांगायचं असेल, तर नाव आणि गाव खरं ठेवायचं. मग लोकांना उरलेलंही खरं वाटतं. म्हणून मी बाळकू नलवडे हे नाव तसंच ठेवलं. काकीचा आवाज जरासा नाकातला होता, तो मी पुरता नाकात नेला. "माज्याकडं बगून या" म्हटलं की मांडव उसळायचा. आणि हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं, हा तर माझा नियमच होता. थांबलं की लोकांना विचार करायला वेळ मिळतो, असं मी नव्या पोरांना सांगायचो.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगायचो नाही. ही कथा मला आयती मिळाली होती. आमच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडताना अनशीकाकीच ती बायकांना सांगायची, सासऱ्याचा, मेहुण्याचा, कोंबडीचासुद्धा आवाज काढून. बायका हसून हसून सुपं लवंडायच्या. मी तिथं शेंगा खात बसलेला असायचो. कॅसेटवर मात्र 'लेखन आणि सादरीकरण: विष्णू कणसे' एवढंच छापलं होतं.

आता कळलं असेल, मी सोळा वर्षं गावाला का टाळलं. दर वर्षी गुरुजींचं पत्र यायचं आणि दर वर्षी माझं ऑडिट निघायचं. या खेपेला त्यांनी लिहिलं, 'मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पुढच्या ऑडिटपर्यंत असेनच असं नाही.' मग यावंच लागलं.

चार वाजता मी माइकसमोर उभा राहिलो. मांडव भरला होता, मागं मैदानाच्या कुंपणावर पोरं बसली होती. पहिली गोष्ट सांगितली, ती चालली. दुसरी सांगितली, ती त्याहून चालली. या दोन गोष्टींत तासभर काढावा, घसा बसला म्हणावं आणि खाली उतरावं, असा माझा बेत होता. पण दुसरी गोष्ट संपते न संपते तोच मागून आरोळी आली.

"सायकल!"

"सायकल होऊ द्या, पाव्हणं!"

"आमच्या गावची सायकल!"

सगळा मांडव पहिल्या रांगेकडे बघायला लागला. बाळकूआण्णा ताठ बसले. त्यांनी नातीला मांडीवर नीट सरकवून घेतलं आणि फेट्याचा कानावर आलेला पदर मागं सारला. त्यांचे दोन्ही हात नातीच्या पोटावर घट्ट होते. मार खायच्या आधी माणूस अंग आवळून घेतो, तसं मला ते वाटलं.

 समोर बायको गेलेला माणूस बसलाय. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा, सून, मांडीवर नात. या सगळ्यांदेखत मी त्याला उकिरड्यात लोळवायचं? त्याच्या मेलेल्या बायकोचा गेंगाणा आवाज काढून चारशे माणसांना हसवायचं? आणि नाही सांगितली, तर लोक ओरडत राहणार आणि कुणीतरी म्हणणार, बाळकूआण्णा, आता तुमीच सांगा.

मी तांब्यातलं पाणी प्यालो. नेहमीचं पहिलं वाक्य, "आमच्या गावात एक बाळकूआण्णा," अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मंडळी," मी म्हणालो, "आजवर ही गोष्ट मी दुसऱ्याच्या नावावर खपवली. पण आज स्वतःच्या गावात उभा आहे, इथं खोटं चालणार नाही. ती सायकल माझी होती. उतरता येत नव्हतं, ते मला!"

मांडव पहिल्याच वाक्याला हसला. मग मला रस्ता सापडला. सासुरवाडीच्या जागी मी बहिणीचं घर आणलं, सासऱ्याच्या जागी बहिणीचा सासरा. घागर राहिली, कोंबडी राहिली. गोठ्यातून काकी यायच्या ठिकाणी माझे दाजी आले, हातात वैरणीचा भारा घेऊन. ते म्हणाले, "पावणं, उतरताय का बैलगाडी आडवी लावू?" मग त्यांनी बैलगाडी आडवी लावली आणि मी उकिरड्यात गेलो. माझं धोतर, माझी चेन, माझं शेण. कुंपणावरची पोरं हसून खाली पडली. इतकी वर्षं घोटून घोटून पाठ केलेली गोष्ट मी उभ्या उभ्या बदलली होती आणि एकही टाका उसवला नव्हता.

आण्णा मात्र हसले नाहीत. मध्यंतरी त्यांच्या नातीनं मान वर करून त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समोर बघत राहिले. भरून आलं असणार, मी मनाशी म्हणालो. मलाही भरून आलं. आपण किती चांगले आहोत, हे कळलं की माणसाला फार भरून येतं.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजींनी माझी पाठ थोपटली. "निवेदकच बदललास की रे! तृतीयपुरुषी गोष्ट प्रथमपुरुषी केलीस, तीही बोलता बोलता. मी शाळेत हे तुम्हाला फळ्यावर लिहून शिकवायचो, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत असायचास."

"आण्णांची लाज राखायची होती, गुरुजी."

"राखलीस. चांगलं केलंस."

मी आण्णांना शोधायला मांडवात आलो. त्यांच्या जागी खुर्चीच नव्हती.

"खुर्ची उचलून गेला," सतरंजी गुंडाळणारा माणूस म्हणाला. "च्याला बी थांबला न्हाई."

माझी एसटी साडेसहाला होती. साडेपाचच वाजले होते. मी पायीच नलवडे आळीकडे निघालो. त्यांची क्षमा मागायला जातोय, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगायचं तर मी शाबासकी घ्यायला चाललो होतो.

आमचं घर विकलं गेलं होतं, त्या जागी आता पत्र्याची शेड होती. आण्णांचं घर तसंच होतं. भिंतीला सायकल टेकवलेली. तीच, दांडीवर जाड पिवळा पट्टा असलेली. टायरमध्ये हवा होती आणि घंटी पुसून लख्ख केलेली होती. आण्णा ओट्यावर मांडवातून आणलेल्या त्याच खुर्चीत बसले होते, फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेला. नात पायरीवर बसून कुरमुरे खात होती.

"ये इष्णू, बस," आण्णा म्हणाले. "संपत, पानी आन रं. च्या टाकाय सांग."

मी ओट्यावर टेकलो.  मग आण्णा म्हणाले, "चांगलं सांगिटलंस. लोकं लई हसली."

"आण्णा, तुमचं नाव नाही घेतलं मी. इतकी वर्षं घेत होतो. ते चुकलंच माझं. काकींचंसुद्धा..."

"व्हय. माज्या ध्यानात आलं ते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला हवी होती ती शाबासकीही नव्हती. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात नातीनं कुरमुऱ्यांची मूठ खाली ठेवली.

"आजा, आज्जी का न्हाई आली?"

"शुभे, गप."

"तुमी म्हनलासा, आज गोष्टीत आज्जी बोलनार. आज्जी आलीच न्हाई." मग ती माझ्याकडे वळली. "आज्जीच्या जागी त्यो बैलगाडीवाला कशाला आनला तुमी?"

संपत पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबला. मी आण्णांकडे बघितलं. ते फेट्याची घडी घालत होते, घातलेली मोडून पुन्हा घालत होते.

"आण्णा, तुम्ही ती गोष्ट ऐकलीय?"

"ऐकलीया म्हंजे? पाठ हाय."

"सगळी?"

"उकिरड्यासकट." ते पहिल्यांदा जरा हसले. "संपतनं कॅसेट आनली हुती कराडातनं. तवा अनशी हुती की. दोघांनी मिळून ऐकली, हितंच बसून. हसून हसून तिच्या डोळ्याला पानी आलं. म्हनाली, त्या इष्ण्यानं माजा आवाज लईच गेंगाणा काडलाय, गावात येऊ द्या त्येला, कान पिळते त्येचा. दर जत्रंला वाट बगायची तुजी. तू काय आलाच न्हाईस."

सोळा वर्षांतलं एकेक ऑडिट मला आठवलं. गुळगुळीत कागदावर लिहिलेली ती सगळी खोटी पत्रं.

"मग ती गेली," आण्णा म्हणाले. "फोटू हाय. चांगला हाय, संपतच्या लग्नातला. पर फोटू बोलत न्हाई. मग म्या ती कॅसेट लावायला लागलो. सगळी न्हाई, तेवढाच तुकडा. लावायचा, मागं घ्यायचा, परत लावायचा. फीत तिथंच तुटली. संपतनं चिकटवली, पर आता ती 'अवं, हिकडं बगा' म्हंती आन् म्होरं नुसतं खर्र वाजतं. खर्र झालं की आमी उकिरड्यातच!"

"दुसरी कॅसेट..."

"बगितली," संपत दारातून म्हणाला. "कराड, सांगली, कोल्हापूर. आता ती निगतच न्हाई म्हंत्यात. पानपट्टीवाल्याची मागून बगितली, तिच्यावर त्यानं निम्म्यातनं भजनं भरल्याती."

"शुभी चार वर्सांची हुती ती गेली तवा," आण्णा म्हणाले. "तिला आज्जीचं तोंड याद हाय. आवाज न्हाई. म्हनून म्हनलं, इष्णू यायलाय, चला सगळी. आज येकदा पोरीच्या कानावर घालू." त्यांनी फेटा बाजूला ठेवला. "तर तू माजी सायकलच घेटलीस लेका, आन् तिला काडूनच टाकलीस."

मी मान खाली घातली. चारशे माणसांसमोर मी ज्याला चांगुलपणा म्हणत होतो, तो आता त्या ओट्यावर माझ्यापुढे पडला होता आणि मला तो उचलवत नव्हता.

"सांगतो," मी म्हणालो. "आत्ता सांगतो."

"तुजी यष्टी हाय न्हवं?"

"जाऊ दे यष्टी."

मी अंगणात उतरलो. ऊन अजून भिंतीवर होतं. सून चहाचं भांडं तसंच ठेवून पदराला हात पुसत दारात आली, संपत तिच्या मागं उभा राहिला. शुभी आजोबांच्या मांडीवर चढली. माइक नाही, तांब्या नाही, समोर चार माणसं. मी इतका घाबरलेला कधीच नव्हतो.

"आमच्या गावात एक बाळकूआण्णा होते," मी सुरुवात केली. "त्यांना सायकल चालवता येत होती."

"उतरता येत न्हवतं!" आण्णा खुर्चीतून म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पार सांगितला, पोस्टमन सांगितला, नऊ मैलांचा रस्ता सांगितला. सासरे आले, घागर आली. शुभी कोंबडीला हसायला लागली ती थांबेना. आण्णा माझ्या प्रत्येक वाक्याच्या आधी मान हलवत होते. मला वाटतं, एखादा शब्द चुकला असता तर त्यांनी तिथंच पकडलं असतं. मग काकी गोठ्यातून बाहेर आली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली. मी तिथंच उभा होतो.

"अवं, हिकडं बगा," मी हळू म्हणालो. आवाज फार नाकात जाऊ दिला नाही. गेलेल्या बाईची टिंगल आता तरी नको, असं वाटलं.

"तसं नगं," आण्णा लगेच म्हणाले. "कॅसेटीतल्यावानी काड."

"आण्णा, कॅसेटमध्ये मी फार गेंगाणा काढलाय. काकी तशी नव्हती बोलत."

"ते मला सांगतोस व्हय? किती जास्ती काडलायस ते मला ठावं हाय. तेवढं म्या वजा करून ऐकतो. तू काड."

मग मी श्वास घेतला आणि पूर्वीसारखा काढला, पुरता नाकात.

"अवं, हिकडं बगा! चाकाकडं बगू नगा. माज्याकडं बगून या!"

सवयीनं पुढचं वाक्य तोंडात तयारच होतं. 'आणि मंडळी, धाडदिशी...' इथं मी कधीच थांबत नसे. पण त्याआधी आण्णा बोलले. शुभीला सावरून धरलेले त्यांचे हात किंचित पुढं आले होते. ते माझ्याकडे बघत होते, तरी ते मला म्हणत नव्हते.

"आलो," ते म्हणाले.

मी थांबलो.  शुभीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आजोबांकडं, आणि कुरमुऱ्यांनी चिकट झालेला हात त्यांच्या गालाला लावून बघितला. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही.

मग आण्णांनी सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले आणि म्हणाले, "हां. आता टाक उकिरड्यात."

मी टाकलं. धोतर चेनमध्ये घातलं, शेण कानापर्यंत नेलं. सगळी हसली आणि सगळ्यांत मोठ्यानं आण्णा हसले. त्यांनी मला ती गोष्ट आणखी दोनदा सांगायला लावली. तिसऱ्या खेपेला काकीचं वाक्य शुभीनंच म्हटलं. तिचा आवाज जरासा नाकातलाच होता, हे मला तेव्हाच कळलं.

साडेसहाची एसटी गेली. साडेआठची होती, ती मिळाली. निघताना आण्णांनी मला जवळ बोलावलं, म्हणजे वाकायला लावलं, आणि माझा कान धरून चांगला पिळला. "तिचा ऱ्हायला हुता," ते म्हणाले.

त्या महिन्यात मी टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा गावाला गेलो आणि ती गोष्ट त्यांच्यासाठी चार कॅसेटींवर भरून दिली. ते त्यानंतर सात वर्षं होते. एकही कॅसेट तुटली नाही, संपत सांगतो. बहुतेक आलटून पालटून लावत असावेत.

मी अजून कार्यक्रम करतो. वय झालं, दात गेले, पण सायकलची फर्माईश चुकत नाही. बाळकू नलवडे हे नाव मी पुन्हा बदललं नाही. एक मात्र बदललं. "माज्याकडं बगून या" म्हटल्यावर हशा पडतो, तो पुरता ओसरतो, आणि तरी मी पुढचं वाक्य टाकत नाही. मांडव शांत होतो. पुण्यात एकानं त्यावर लेखही लिहिला, विरामाचा प्रभावी वापर म्हणून. नवी पोरं विचारतात, सर, तिथं नेमके किती सेकंद थांबायचं?

मी म्हणतो, मोजलं नाही रे बाबा. आण्णा सायकलवर असतात. त्यांना यायला लागेल तेवढा वेळ.